बी.एड.साठी पैसे कुठून आणायचे: एसएसपी, बँक आणि सोसायटी यांचा दोन वर्षांचा अनुभव

माझ्या धाकट्या बहिणीला बेळगावातील एका विनाअनुदानित महाविद्यालयात बी.एड.ला प्रवेश मिळाल्याचे कळले, त्याच संध्याकाळी फीचा आकडाही समोर आला. पहिल्या वर्षाची फी आणि इतर आकार मिळून ४२,००० रुपये होते आणि ते भरायला आठ दिवसांची मुदत होती. आमचे गाव खानापूर तालुक्यात आहे, आप्पांची शेती कोरडवाहू आहे आणि मी उद्यमबागेतील एका कारखान्यात हिशेबाचे काम करतो. त्यामुळे पैशाची आणि कागदपत्रांची सारी धावपळ माझ्याकडे आली. पुढच्या दोन वर्षांत राज्य सरकारची शिष्यवृत्ती, केंद्राच्या योजना, बँकेचे शैक्षणिक कर्ज आणि गावच्या सोसायटीचे सोनेतारण कर्ज या सगळ्यांशी आमचा प्रत्यक्ष संबंध आला. त्याच काळात माझा चुलतभाऊ कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करत होता, त्यामुळे सीमेपलीकडची बाजूही जवळून पाहता आली. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातील ज्या घरांत यंदा कोणी बी.एड.ला किंवा पदव्युत्तर शिक्षणाला जाणार आहे, त्यांना आमच्या चुका पुन्हा कराव्या लागू नयेत म्हणून हे लिहीत आहे.

आधी खर्चाबद्दल, कारण फी म्हणजेच खर्च असे धरून आम्ही पहिली चूक केली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर, म्हणजे २०१५ पासून, बी.एड. दोन वर्षांचे झाले. त्यात एकूण वीस आठवडे शाळेत काढावे लागतात, पैकी सोळा आठवडे दुसऱ्या वर्षी सलग अध्यापनाच्या अनुभवाचे असतात. वर्गांना ८० टक्के आणि शाळेतील अनुभवाला ९० टक्के हजेरी लागते. म्हणजे बी.ए. करताना जशी एखादी अर्धवेळ नोकरी किंवा घरी शिकवण्या सांभाळता येतात, तशी सोय इथे उरत नाही. त्या सोळा आठवड्यांत बहिणीने टाचणवह्या, तक्ते, कार्डशीट, झेरॉक्स आणि प्रकल्पाची बांधणी यांवर जो खर्च केला, तो आम्ही कुठल्याच अर्जात धरलेला नव्हता. एका दिलाशाची गोष्ट अशी की जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमध्ये महिलांना तिकीट नाही, त्यामुळे खानापूर ते बेळगाव हा रोजचा प्रवास तिला फुकट पडला. मुलांना मात्र विद्यार्थी पास काढावाच लागतो. घरी मुलगी बी.एड. करणार असेल तर खोली घेऊन राहणे आणि ये-जा करणे यांचा हिशेब करताना ही बचत जरूर धरावी.

आता एसएसपी, म्हणजे कर्नाटकाच्या राज्य शिष्यवृत्ती पोर्टलबद्दल सविस्तर लिहितो, कारण आमच्या भागातील बहुतेकांची पहिली आशा इथेच असते आणि पहिली ठेचही इथेच लागते. समाजकल्याण, मागासवर्ग कल्याण, आदिवासी कल्याण आणि अल्पसंख्याक कल्याण अशा वेगवेगळ्या खात्यांच्या दहावीनंतरच्या शिष्यवृत्त्या याच एका पोर्टलवरून मिळतात. ही रचना मुळात चांगली आहे. विद्यार्थ्याने आधार क्रमांक, जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्याचे आरडी क्रमांक आणि महाविद्यालयाचा तपशील भरला की कोणत्या योजनेला तो पात्र आहे हे यंत्रणा स्वतः ठरवते. पूर्वी प्रत्येक खात्याच्या कचेरीत वेगळा अर्ज घेऊन जावे लागे, तो हेलपाटा वाचला. एवढ्यासाठी या पोर्टलला मी मनापासून दाद देतो.

अडचण पोर्टलपेक्षा आपल्या कागदांची आहे, आणि ती सीमाभागात इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त आहे. आप्पांच्या नावात 'ज्ञ' हे अक्षर आहे. मराठी माध्यमाच्या शाळेने बहिणीच्या दहावीच्या कागदांवर ते इंग्रजीत आपल्या उच्चाराप्रमाणे, 'डी, एन, वाय' असे लिहिले. आधार कार्ड काढताना यंत्रावर बसलेल्या मुलाने कन्नड पद्धतीने 'जे, एन' लिहिले. नाडकचेरीतून, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कचेरीतून, आलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावर तिसरीच तऱ्हा होती आणि शेताच्या उताऱ्यावर तर आजोबांचे नाव मध्ये घुसले होते. माणूस एकच, पण संगणकाच्या लेखी चार माणसे. अर्ज भरताना नाव जुळत नाही असा लाल अक्षरांतला संदेश येई आणि पान तिथेच थांबे. आधारवरील नावाची दुरुस्ती, नंतर त्यानुसार नवा दाखला, नंतर पुन्हा अर्ज, अशा फेरीत आमचा दीड महिना गेला. 'ज्ञ', 'ळ', 'ऋ' अशी अक्षरे ज्यांच्या नावात आहेत, किंवा ज्यांच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग घरातल्या घरात वेगवेगळे आहे, त्यांनी बी.ए.च्या शेवटच्या वर्षीच चारही कागद एका टेबलावर मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. निकालाची वाट पाहू नये.

नाडकचेरीतील अनुभव चांगला होता हे मुद्दाम सांगतो. गावच्या तलाठ्यांनी चौकशी करून अहवाल वेळेत पाठवला आणि दाखला ठरलेल्या दिवसांत मिळाला. उत्पन्नाचा दाखला एकदा काढला की पाच वर्षे चालतो, त्यामुळे पदवीच्या वेळचा जुना दाखला असेल तर त्याची तारीख आधी पाहावी. मुदत शिष्यवृत्तीच्या मध्येच संपत असेल तर नवा आधीच काढलेला बरा. प्रवर्गानुसार उत्पन्नाची मर्यादा वेगळी असते. आमच्यासारख्या मराठा कुटुंबांची नोंद कर्नाटकात ३-ब या प्रवर्गात होते, आणि महाराष्ट्रातील नातेवाइकांच्या आरक्षणाचे नियम डोक्यात ठेवून इथला अर्ज भरला तर गोंधळ उडतो. आमच्या ओळखीच्या एका घरी कोल्हापूरच्या मामांच्या सांगण्यावरून चुकीचा प्रवर्ग निवडला गेला आणि ते वर्ष वाया गेले.

कागदांची ई-साक्षांकनाची पायरी अनेकांना माहीतच नसते. गुणपत्रक, शुल्काची पावती वगैरे कागद नेमून दिलेल्या अधिकाऱ्याकडून पोर्टलवर साक्षांकित करून घ्यावे लागतात आणि मिळालेला क्रमांक अर्जात भरावा लागतो. बहिणीच्या महाविद्यालयातील कारकूनबाईंनी हे स्वतःहून समजावून सांगितले, म्हणून आमची ती पायरी सुरळीत झाली. त्यांच्या टेबलावर मराठी मुलांसाठी हाताने लिहिलेला एक कागद चिकटवलेला होता: कुठले कागद, कुठल्या क्रमाने, कुणाकडे न्यायचे. पोर्टल कन्नड आणि इंग्रजीत आहे, मराठीत नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना इंग्रजी वाचता येते, पण 'शुल्क विनायिती' म्हणजे फीची सवलत, हे कन्नड शब्द कुणीतरी एकदा सांगावे लागतात. तो एक कागद आम्हाला कुठल्याही मदत क्रमांकापेक्षा जास्त उपयोगी पडला. प्रत्येक महाविद्यालयाने असा कागद दारावर लावावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अर्ज भरून देणाऱ्या दुकानांविषयी सावध करणे भाग आहे. आमचा पहिला अर्ज आम्ही शहरातील एका सायबर दुकानात भरला. गर्दी होती, दुकानदाराने घाईत मोबाईल क्रमांकाच्या जागी स्वतःच्या दुकानाचा क्रमांक घातला, आणि ते आम्हाला कळले तीन आठवड्यांनी, जेव्हा अर्जाची स्थिती पाहायला ओटीपी मागवला आणि तो आमच्या मोबाईलवर आलाच नाही. दुकानात गेलो तर तो म्हणाला, "रोज शंभर ओटीपी येतात, कुठला तुमचा ते कसं सांगू?" त्याचेही खरे होते, पण फटका आम्हाला बसला. ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रात दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी बहिणीला शेजारी बसवले आणि प्रत्येक रकाना तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतला. मोबाईल क्रमांक घरातला, कायम चालू राहणारा आणि विद्यार्थ्याच्या हाताशी असलेलाच द्यावा. पासवर्ड दुकानाच्या वहीत लिहून ठेवू देऊ नये.

पैसे जमा होण्याची गोष्टही अशीच. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याने अर्जात दिलेल्या खाते क्रमांकावर येत नाही, ती आधारशी शेवटच्या जोडलेल्या बँकेत जाते. बहिणीने पूर्वी मोबाईलचे सिम घेताना एका पेमेंट बँकेचे खाते नकळत उघडले गेले होते आणि आधारची जोडणी तिकडे गेली होती. आम्ही सरकारी बँकेचे पासबुक महिनोन्‌महिने छापून घेत राहिलो आणि पैसे भलतीकडेच पडून होते. बँकेच्या शाखेत जाऊन आधार जोडणीचा एक पानी अर्ज भरला की हे काम होते, त्याला पैसे लागत नाहीत. ते अर्जाच्या आधी करावे.

मग एसएसपीबद्दल माझे मत काय? अर्ज जरूर करावा, पण त्या पैशांवर फी भरण्याचा बेत करू नये. पहिल्या वर्षाची रक्कम आमच्या हाती आली तेव्हा बहीण तिसऱ्या सत्रात होती, आणि ती रक्कम त्या वर्षाच्या फीच्या निम्म्याहून कमी होती. त्या पैशांतून दुसऱ्या वर्षाची पुस्तके, शाळेतील अनुभवाचे साहित्य आणि परीक्षेची फी भागली. हा उपयोग लहान नाही, पण प्रवेशाच्या आठवड्यात तो कामाला येत नाही. बहिणीच्या वर्गातील एक मैत्रीण शहापुरात खोली घेऊन राहत होती, तिला विद्यासिरी योजनेतून जेवणखाण आणि राहण्यासाठी दरमहा १,५०० रुपयांप्रमाणे दहा महिन्यांचे १५,००० रुपये मिळाले. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी ही योजना आहे, आणि खेड्यातून शहरात येणाऱ्या मुलीच्या खोलीभाड्याचा मोठा भाग त्यात निघतो.

काही लहान योजनांचा उल्लेख करून पुढे जातो. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये रयत विद्यानिधी सुरू झाली, तेव्हा पदव्युत्तर शिक्षणासाठी मुलांना १०,००० आणि मुलींना ११,००० रुपये वर्षाला अशी रक्कम जाहीर झाली होती. बहिणीला बी.ए.ला असताना त्यातून ५,५०० रुपये आले होते. त्यासाठी वडिलांच्या जमिनीची नोंद फ्रूट्स या सरकारी शेतकरी-नोंदणी यंत्रणेत करून एफआयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक घ्यावा लागतो, आणि उतारा अजून आजोबांच्या नावे असेल तर तिथेच अडते. बांधकाम कामगारांच्या मुलांना कामगार कल्याण मंडळाकडून शिक्षणसाह्य मिळते, त्यासाठी लेबर कार्डाचे नूतनीकरण झालेले असले पाहिजे. आणि एक इशारा: पदवीधर बेरोजगारांना दरमहा ३,००० रुपये देणारी युवा निधी ही योजना पुढे शिक्षण घेत असलेल्यांसाठी नाही. बी.एड.ला प्रवेश घेतल्यावर ती चालू ठेवता येते अशा समजुतीत काही मुले असतात. खोटे स्वयंघोषणापत्र भरून नंतर पैसे परत करण्याची वेळ कुणी ओढवून घेऊ नये.

बँकेच्या शैक्षणिक कर्जाविषयी मात्र माझे मत या दोन वर्षांत पूर्ण बदलले. आमच्याकडे कर्ज म्हटले की आईच्या चेहऱ्यावर काळजी येते. "पोरीच्या शिक्षणाला कर्ज काढायलास होय रे?" असे तिने विचारले, आणि त्या प्रश्नामागे मुलीच्या लग्नाआधी तिच्या नावावर बोजा नको हा विचार होता, हे मला ठाऊक होते. तरीही शांतपणे हिशेब मांडला तेव्हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा पैसा हाच निघाला.

सुरुवात चांगली झाली नाही. शहरातील एका मोठ्या बँकेच्या शाखेत गेलो तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने अर्ज हातात न घेताच सांगितले की तुमचे गाव आमच्या सेवाक्षेत्रात येत नाही, गावाजवळच्या शाखेत जा. गावाजवळच्या शाखेने सांगितले की महाविद्यालय बेळगावात आहे, तिकडच्या शाखेत जा. दोन दिवस मी रजा काढून या दोन टोकांमध्ये फिरलो. नंतर कारखान्यातील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना बजावले आहे: सेवाक्षेत्राचे कारण देऊन शैक्षणिक कर्जाचा अर्ज नाकारायचा नाही. हे वाक्य नीट लक्षात ठेवावे. शाखेत वाद घालण्याची गरज नाही, फक्त "नकार लेखी द्या" एवढे नम्रपणे म्हणावे. बँकांच्या संघटनेने आखलेल्या आदर्श कर्ज योजनेनुसार अर्ज नाकारायचा असेल तर वरच्या अधिकाऱ्याची संमती लागते आणि अर्जाचा निकाल साधारण पंधरा दिवस ते महिन्याभरात द्यायचा असतो.

आम्ही शेवटी विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज केला. हे पोर्टल १५ ऑगस्ट २०१५ रोजी सुरू झाले आणि तिथे एकच अर्ज भरून तो तीन बँकांकडे पाठवता येतो. अर्जाला क्रमांक मिळतो, तारीख पडते आणि त्यामुळे शाखेला तो बाजूला सारता येत नाही, हा त्याचा खरा फायदा. बाविसाव्या दिवशी एका सरकारी बँकेच्या शाखेतून बोलावणे आले. तिथल्या तरुण अधिकारी बाई मूळच्या आंध्रातील होत्या, त्यांना ना मराठी येत होते ना धड कन्नड, पण त्यांनी बहिणीला समोर बसवून हिंदीत पाऊण तास कर्जाची प्रत्येक अट समजावली. अशी माणसे भेटली की बाकीचा शीण उतरतो.

कर्जाच्या अटी थोडक्यात अशा. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला स्वतःचा वाटा भरावा लागत नाही आणि तारणही मागता येत नाही. साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमीची सोय आहे. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. कर्ज एकदम हाती मिळत नाही, सत्राप्रमाणे किंवा वर्षाप्रमाणे महाविद्यालयाकडे जाते, आणि जेवढे उचलले तेवढ्यावरच व्याज लागते. शिक्षणाचा काळ आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, त्या काळात सरळव्याज आकारले जाते, आणि परतफेड पंधरा वर्षांपर्यंत लांबवता येते. आमचे कर्ज पहिल्या वर्षी ५०,००० आणि दुसऱ्या वर्षी ४५,००० असे एकूण ९५,००० रुपयांचे होते. दर दहा टक्के धरला तर पहिल्या वर्षी ५,००० आणि पुढे वर्षाला ९,५०० रुपये व्याज होते. शिक्षण चालू असतानाच व्याज भरत गेले तर अनेक बँका दरात एक टक्का सवलत देतात, आणि मुलींसाठी अर्धा टक्का सवलतही बऱ्याच सरकारी बँकांत आहे. पहिल्या वर्षी महिन्याला सव्वाचारशे रुपयांच्या आत व्याज, एवढे मी माझ्या पगारातून भरत गेलो. आईची काळजी त्या आकड्याने गेली. ही सवलत आपल्याला लागू आहे का, हे मंजुरीपत्रावर सही करण्यापूर्वी विचारावे, कारण विचारल्याशिवाय ती कुणी सांगत नाही.

व्याज-अनुदानाची बाजू याहून महत्त्वाची आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रम नॅकचे (उच्च शिक्षण संस्थांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचे) मूल्यांकन झालेल्या संस्थेत असेल, तर शिक्षणाच्या काळातील आणि त्यानंतरच्या एका वर्षातील व्याज केंद्र सरकार भरते, अशी योजना २००९ पासून आहे. त्याचा दावा बँकेची शाखा पाठवते. म्हणून प्रवेश घेतानाच महाविद्यालयाचे नॅक प्रमाणपत्र चालू आहे का हे पाहावे आणि उत्पन्नाचा दाखला शाखेत लगेच द्यावा. बहिणीच्या महाविद्यालयाच्या नॅकची मुदत नेमकी संपलेली होती, त्यामुळे आम्हाला हा लाभ मिळाला नाही. फी चार हजारांनी जास्त असलेले दुसरे महाविद्यालय आम्ही स्वस्ताईच्या विचाराने सोडले होते, त्याचे नॅक चालू होते. व्याजाचा हिशेब धरता ते आम्हाला महाग पडले नसते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेची आता पुष्कळ चर्चा आहे. त्यात तारण आणि जामीनदार लागत नाही, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंत तीन टक्के व्याजसवलत आहे. योजना चांगली आहे, पण ती राष्ट्रीय क्रमवारीत वर असलेल्या निवडक संस्थांपुरती आहे. त्या क्रमवारीत अध्यापक महाविद्यालयांचा वेगळा गटच नाही, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणच्या खासगी बी.एड. महाविद्यालयांना तिचा उपयोग जवळजवळ नाही. एम.एस्सी., एम.कॉम.साठी मोठ्या विद्यापीठात जाणाऱ्यांनी मात्र आपली संस्था यादीत आहे का हे पोर्टलवर जरूर पाहावे.

सोसायटीचे सोनेतारण कर्ज आम्ही घेतले, कारण बँकेचा निर्णय होईपर्यंत आठ दिवसांची मुदत थांबणार नव्हती. आईची बोरमाळ घेऊन गेलो. सोनाराने कस लावून वजन केले, अर्ध्या तासात कागद झाले आणि रोख ४२,००० रुपये हातात आले. व्याज शेकडा एक रुपया महिना, म्हणजे वर्षाला बारा टक्के. बेळगावच्या गल्लीगल्लीत आणि खेड्यापाड्यांत सोसायट्यांचे जे जाळे आहे, त्याचे मोल अशा वेळी कळते. तिथला कारकून आपल्या भाषेत बोलतो, आप्पांना नावाने ओळखतो आणि 'ज्ञ' कसा लिहायचा यावर अडून बसत नाही. पण हे कर्ज दोन-चार महिन्यांच्या अडचणीपुरतेच ठेवावे. बँकेचे कर्ज मंजूर झाल्यावर फीची पावती दाखवून ती रक्कम बहिणीच्या खात्यात आली आणि चौथ्या महिन्यात बोरमाळ घरी आली. व्याज गेले १,६८०. गावात अशीही घरे पाहिली की जिथे दोन्ही वर्षांची फी सोनेतारणावर काढली, व्याज थकत गेले आणि डिग्री हातात आली तेव्हा दागिना लिलावाच्या यादीत होता.

कोल्हापूरच्या बाजूचे आता थोडे. महाराष्ट्राच्या सीईटीतून होणाऱ्या व्यावसायिक प्रवेशांत ८६५ गावांच्या वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी स्वतंत्र प्रकार आहे आणि गावाचा व मातृभाषेचा दाखला असे दोन कागद त्यासाठी लागतात. प्रवेशाची ही वाट मोलाची आहे. पैशाची वाट मात्र तितकी सोपी नाही, कारण महाडीबीटी या महाराष्ट्राच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरील अनेक योजनांना महाराष्ट्राचा अधिवास मागितला जातो आणि आपला अधिवास कर्नाटकाचा असतो. प्रवेश मिळाला म्हणजे फीसवलतही मिळेल असे गृहीत धरून चुलतभावाच्या घरच्यांनी पैशाची तजवीज केली नव्हती, आणि पहिल्या सत्रात त्यांची फार ओढाताण झाली.

त्याला तारले ते केंद्राच्या शिष्यवृत्तीने, कारण राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलला बेळगाव कुठल्या राज्यात हा प्रश्न पडत नाही. बारावीत त्या मंडळाच्या वरच्या वीस टक्क्यांत आलेल्या, साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील विद्यार्थ्यांना पदवीच्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० आणि पदव्युत्तर वर्गात २०,००० रुपये मिळतात. यातली मेख अशी की नवा अर्ज फक्त बारावीनंतर पदवीच्या पहिल्या वर्षीच करता येतो, पुढे दरवर्षी नूतनीकरण करायचे. त्याच्या शाळेतील सरांनी बारावीच्या निकालादिवशीच हा अर्ज भरायला बजावले होते, म्हणून एम.एस्सी.ला त्याच्या हाती वर्षाला वीस हजार आले. माझ्या बहिणीलाही गुण होते, पण आम्हाला तेव्हा कुणी सांगितले नाही. घरात आज बारावीचे मूल असेल तर पदव्युत्तर शिक्षणाची तयारी आजच सुरू होते, ती अशी. याशिवाय पदव्युत्तर पहिल्या वर्षाच्या नियमित विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची दरमहा १५,००० रुपयांची, वर्षातून दहा महिने, दोन वर्षे चालणारी शिष्यवृत्ती आहे. देशभरात १०,००० जागा असतात आणि निवड गुणांवर होते, त्यामुळे पदवीला उत्तम गुण असलेल्यांनी ती सोडू नये. बी.एड. पदव्युत्तर अभ्यासक्रमांत मोडत नसल्याने बी.एड.च्या विद्यार्थ्यांना ही लागू नाही.

बहिणीचे बी.एड. झाले आहे. ती सध्या एका खासगी मराठी शाळेत शिकवते आणि शिक्षक पात्रता परीक्षेचा अभ्यास करते. खासगी शाळेतला सुरुवातीचा पगार किती असतो हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे, म्हणून कर्ज ठरवताना आम्ही हिशेब त्या पगारावरून उलटा मांडला होता: हप्ता तिच्या पगाराच्या चौथ्या हिश्शाच्या वर जाता कामा नये. व्याज वेळच्या वेळी भरत आल्यामुळे मुद्दल ९५,००० च उरले आहे. बँकेने पाच वर्षांची मुदत धरून महिन्याला सुमारे २,०२० रुपयांचा हप्ता सांगितला आहे. पहिला हप्ता पुढच्या वर्षी सुरू होईल आणि तो आपल्या पगारातून आपणच भरणार, असे तिने आईला आत्ताच सांगून ठेवले आहे.